हायवे वन, बिऱ्हाड पाठीवर घेऊन: मॉस लँडिंग ते मॉरो बे (आरव्ही, सील, काँडर वगैरे)

भटकी वहिनी

कॅलिफोर्नियाच्या हायवे वनवर, म्हणजे तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. पण बहुतेक ठिकाणी तोच बिक्सबी पूल, तोच मॅकवे धबधबा आणि 'एका दिवसात सॅन फ्रान्सिस्को ते एलए' असला अचाट बेत. तसा बेत असेल तर हा धागा तुमच्या कामाचा नाही. आम्ही जानेवारीच्या अखेरीस आरव्ही, म्हणजे आत पलंग-शेगडी-बाथरूम असलेली घरवजा गाडी, भाड्याने घेऊन मॉस लँडिंग ते मॉरो बे एवढाच पट्टा केला. सरळ गेलं तर दीडशे मैलसुद्धा नाहीत. पण आम्हाला रस्ता कापायचा नव्हता, प्राणी बघायचे होते. सोबत नवरा, चौथीतली लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई.

आधी गाडी. पंचवीस फुटी क्लास सी घेतली, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतची आरव्ही साध्या लायसन्सवर चालवता येते, म्हणून लोक मोठी घेतात आणि बिग सुरच्या, म्हणजे मधल्या डोंगराळ किनाऱ्याच्या, वळणांवर रडकुंडीला येतात. फायफर बिग सुर स्टेट पार्कात बत्तीस फुटांवरची मोटरहोम घेतच नाहीत. मला विचाराल तर पंचविसाच्या पुढे जाऊच नका. चालवायला अवघड नाही, फक्त मागचा भाग वळणावर बाहेर फिरतो आणि वारा आला की गाडी डुलते, एवढं डोक्यात ठेवायचं. मागे पाच गाड्या साचल्या की टर्नआउटला (रस्त्याकडेला थांबायची रुंद जागा) घेऊन त्यांना पुढे सोडायचं. हा शिष्टाचार नाही, कायदाच आहे.

मॉस लँडिंगला हायवेला लागूनच बंदर आहे, आणि एल्कहॉर्न स्लू ही खाडी तिथेच समुद्राला मिळते. बंदराच्या तोंडाशीच मॉन्टेरेची समुद्राखालची दरी सुरू होते. ती पुढे साडेतीन हजार मीटरपेक्षा खोल जाते. खोल, गार पाणी किनाऱ्याच्या इतकं जवळ असल्यामुळे खाणं भरपूर, आणि म्हणून सगळी जत्रा इथे भरते: सी लायन, पेलिकन, बाहेर व्हेल. सी ऑटर, म्हणजे समुद्रातली पाणमांजरं, मात्र खाडीच्या शांत पाण्यात. आम्ही पोचलो तेव्हा दहा-बारा ऑटर पाठीवर पडून होते, पाय वर, पुढचे पंजे छातीवर. ऑटरच्या अंगावर चरबीचा थर नसतो, थंडीला तोंड द्यायला नुसती फर. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस! तरी ऊब टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा खावं लागतं.

पॅसिफिक ग्रोव्हला मोनार्क फुलपाखरांच्या राईत अर्धा तास थांबलो. ढगाळ हवा होती, सगळी पंख मिटून निलगिरीच्या फांदीला लटकलेली. वाळकी पानंच वाटतात. ऊन असेल तरच जा.

मग बिग सुर. कार्मेल सोडलं की फोनची रेंज जाते आणि जवळजवळ सॅन सिमियनपर्यंत धड येत नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, पेट्रोल कार्मेललाच भरा. बिग सुरमधले पेट्रोलचे भाव बघून सासूबाईंनी डॉलरचे रुपये केले आणि मग बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. कॅम्पसाइटला हुकअप नाही, म्हणजे वीज-पाणी जे काय ते गाडीतलं. जनरेटर रात्री आठ ते सकाळी दहा बंद. रेडवुडच्या झाडांखाली जागा मिळाली, ओढा शेजारी. पहिल्याच रात्री रकूनने टेबलावर विसरलेल्या भाकरीच्या डब्याचं झाकण काढलं. हाताने, व्यवस्थित!

स्वयंपाकाबद्दल एकच: आरव्हीत फोडणी घालू नका. मोहरी तडतडायच्या आधी स्मोक अलार्म कोकलतो. आम्ही शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडली आणि पिठलं, थालीपीठ तिथेच केलं. शेजारच्या तंबूतले आजोबा वासाने उठून आले, थालीपीठ खाऊन गेले.

आता खरी गोष्ट. सॅन सिमियनच्या उत्तरेला थोडं अलीकडे पीएड्रास ब्लांकास. रस्त्याला लागून मोठा वाहनतळ, आरव्ही आरामात मावते. कुंपणाच्या पलीकडे वाळूवर एलिफंट सील. जानेवारीच्या शेवटी गेलात तर हजारो. मी आकडा वाढवून सांगत नाहीये, वाळू दिसत नव्हती. नर चौदा-सोळा फूट, दोन टनांच्या वर, आणि नाकाची ती सोंड. तो मान वर करून ओरडतो तेव्हा रिकाम्या पिंपात कुणीतरी ढेकर देतंय असा आवाज येतो, कठड्याला हात लावला तर हातात जाणवतो. वासाबद्दल लिहीत नाही.

तिथे निळ्या जाकिटातले स्वयंसेवक उभे असतात. त्यांतल्या एक आजी आम्हाला म्हणाल्या, सीलकडे नका बघू, सीगलकडे बघा. सीगल जिथे घोळका करून खाली उतरतात तिथे आत्ता बाळंतपण झालंय किंवा होतंय, कारण वार खायला ते आधीच हजर असतात. आणि खरंच. दहा मिनिटांत डावीकडे गलका झाला, पांढरा थवा खाली आला आणि मध्ये काळं ओलं पिल्लू पडलेलं. आई वळली, पिल्लाच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडली, पिल्लू तिच्याकडे बघून ओरडलं. असं कितीतरी वेळ. एकमेकींचा आवाज ओळखून ठेवतात म्हणे, कारण त्या गर्दीत दुसरा इलाज नाही. मधूनच आई पंजाने वाळू उडवून सीगलांना हाकलत होती.

पिल्लाला साधारण अठ्ठावीस दिवस पाजते. दुधात निम्म्याहून जास्त चरबी. तेवढे दिवस आई काही म्हणता काही खात नाही, पाण्यातही जात नाही. सासूबाई हे ऐकून इतक्या अस्वस्थ झाल्या. "बाळंतीण, आणि महिनाभर पोटात कण नाही?" त्या दिवशी रात्री त्यांनी मला जबरदस्तीने दोनदा वाढलं. महिना झाला की आई पिल्लाला सोडून समुद्रात निघून जाते, कायमची. पिल्लू मागे राहतं, अंगावरच्या चरबीवर दोन-अडीच महिने काढतं, रात्री उथळ पाण्यात आपलं आपण पोहायला शिकतं आणि एके दिवशी जातं.

एकोणिसाव्या शतकात तेलासाठी इतकी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर शंभरसुद्धा उरले नव्हते. १९२२ मध्ये मेक्सिकोने संरक्षण दिलं. पीएड्रास ब्लांकासच्या वाळूवर तर १९९० पर्यंत एकही सील नव्हता. त्या वर्षी दोनेक डझन आले, १९९२ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. आता या वसाहतीचे पंचवीस हजारांच्या आसपास सील आहेत. म्हणजे आपण बघतोय ते 'आदिम निसर्ग' वगैरे नाही. माझ्याहून वयाने लहान वसाहत आहे ती.

मॉरो बेचं आणि काँडरचं (तिथलं प्रचंड गिधाड) उद्या लिहिते. हात दुखले.

मीठमिरची

फोटो कुठेत?? बाकी पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चौकस पुणेकर

वाचनखूण साठवली. आईबाबा जानेवारीत येतायत, दोघेही सत्तरीच्या पुढे, बाबांचे गुडघे. आरव्हीत चढउतार जमेल का? बाथरूम वापरण्यासारखं असतं का? संकोच न करता सांगा.

काटकसर

वहिनी, लेखन छान आहे, पण आरव्हीचं कौतुक जरा जास्त होतंय. हिशोब मांडा. दिवसाचं भाडं, वर मैलाचे वेगळे पैसे, जनरेटरचे तासावर, विमा, भांडी-चादरींचं किट वेगळं. गॅलनला आठ-दहा मैल जाते. कॅम्पसाइटचं भाडं आहेच. एवढ्यात साधी गाडी आणि सॅन सिमियनजवळच्या केंब्रिया गावात बरं मोटेल येतं, गरम पाण्याच्या आंघोळीसकट. सील मोटेलवाल्यांनाही दिसतात.

फिरस्ता नाना

काटकसरशी सहमत, आणि पुढे जाऊन सांगतो. आम्ही रिटायर झाल्यापासून बत्तीस फुटी बाळगून आहोत, निम्मी अमेरिका फिरलो, पण बिग सुरमध्ये ती नेत नाही. मॉरो बेला लावून ठेवतो आणि मागे बांधलेली छोटी गाडी घेऊन वर जातो. त्या रस्त्यावर मोठी आरव्ही म्हणजे स्वतःलाही ताप आणि मागच्यांनाही.

दुसरं, सगळे सांगतात उत्तरेकडून दक्षिणेला जा, समुद्र उजव्या हाताला, थांबायला सोपं. बरोबर आहे. पण मग तुम्ही कड्याच्या बाजूच्या लेनमध्ये असता. ज्याला उंचीची भीती आहे त्याने दक्षिणेकडून यावं, डोंगराच्या कुशीतून.

भटकी वहिनी

@काटकसर, स्वस्त पडते असं मी कुठे म्हटलं? पडत नाही. लांबचा पल्ला मारायचा असेल तर गाडी-मोटेलच बरं. पण प्राणी बघायचे असतील तर पहाट आणि संध्याकाळ हाताशी लागते, आणि आरव्ही त्यासाठी आहे. मोटेलवाले नाश्ता करून दहाला येतात तेव्हा वाहनतळ भरलेला असतो. आम्ही सात वाजता कठड्याशी चहाचा कप घेऊन उभे होतो, आणि गार लागलं की चार पावलांवर घर. सासूबाई खिडकीतून बघत बसल्या, हवं तेव्हा आडव्या झाल्या. त्यांच्यासाठी ही सहल त्यामुळेच जमली. मोटेलच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात टाकणार?

@चौकस पुणेकर, पायऱ्या दोन-तीन, पण पहिली उंच असते. घडीचं पायस्टूल घेऊन जा, त्याने काम होतं. बाथरूम अगदी छोटं. कमोड ठीक, पण आंघोळ म्हणजे कसरत. कॅम्पग्राउंडच्या शॉवरला जाणं बरं. आणि घाण पाण्याची टाकी डंप स्टेशनवर रिकामी करावी लागते. हे काम घरातल्या कुणीतरी आधीच कबूल करून ठेवा. आमच्याकडे नवऱ्याने हातमोजे घालून तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत केलं. काळी (संडासाची) टाकी आधी, मग करडी (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

@नाना, तुमचं लहान गाडीचं म्हणणं पटलं. दिशेबद्दल वाद नाही, पण थांबायला डावीकडे वळून लेन ओलांडायची तर आरव्हीला ते जास्त धोक्याचं. आणि बिक्सबीला आरव्ही थांबवायचा प्रयत्नच नको, सुट्टीच्या दिवशी तर बिलकूल नको.

@मीठमिरची, सीलचे फोटो आहेत, पण सगळे उशीत घातलेल्या कापसासारखे दिसतायत.

सॅन होजेची सून

रस्ता चालू आहे का ते सगळ्यात आधी बघायला हवं, हे कुणीच लिहिलं नाही. २०१७ मध्ये मड क्रीकला अख्खा डोंगर समुद्रात गेला, रस्ता वर्षभराहून जास्त बंद. २०२१ ला रॅट क्रीकला रस्ताच वाहून गेला. २०२३ ला पॉल्स स्लाइड, २०२४ ला रीजंट्स स्लाइड. पावसाळा हिवाळ्यातच असतो आणि सीलही हिवाळ्यातच, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री कॅलट्रान्सचं (कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं) पान बघायचंच. मधला तुकडा बंद असेल तर बिग सुर उत्तरेकडून करून परत फिरायचं, १०१ नंबरच्या हायवेने पासो रोब्लेस गाठायचं आणि ४६ नंबरच्या रस्त्यावरून केंब्रियाला उतरायचं. आम्ही तसंच केलं होतं. ४६ वरून उतरताना दूरवर समुद्र आणि मॉरो रॉक (मॉरो बेची शिळा) दिसतो, तोही काही कमी नाही.

फिरस्ता नाना

+१. तो रस्ता बांधायलाच १९१९ ते १९३७ लागली. सॅन क्वेंटिनचे कैदी राबले त्यावर. डोंगर भुसभुशीत आणि पायथ्याला समुद्र खातोय, तो रस्ता अधूनमधून जाणारच. लोक दर वेळी आश्चर्य करतात याचंच मला आश्चर्य.

भटकी वहिनी

सूनबाई, बरं झालं लिहिलंत. आम्हाला पूर्ण रस्ता चालू मिळाला.

आता उरलेलं. सॅन सिमियनजवळ हिरव्यागार टेकडीवर गाई चरत होत्या. लेक ओरडली, "झेब्रा!" नवरा म्हणाला, गाई आहेत गं त्या. पुढे जाऊन थांबलो तर खरंच झेब्रे. वृत्तपत्रवाला विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, त्याचा महाल वर टेकडीवर आहे, त्याने खासगी प्राणिसंग्रहालय केलं होतं. ते मोडलं, बाकीचे बहुतेक प्राणी गेले, झेब्रे तिथेच चरत राहिले, वाढले. आता शंभराच्या वर आहेत. गाईंच्या कळपात मिसळून असतात, म्हणून चटकन लक्षात येत नाहीत. यावर लेक पुढचे दोन दिवस बापाला सोडत नव्हती.

मॉरो बे. ती प्रचंड शिळा बंदराच्या तोंडाशी, पावणेसहाशे फूट उंच. तिच्या पायथ्याशी शांत पाण्यात केल्पमध्ये (लांब पट्ट्यांचं समुद्रशेवाळ) ऑटर. इथे मॉस लँडिंगपेक्षा जवळून दिसले, धक्क्यापासून पंचवीस-तीस फुटांवर. एक जण खाली बुडी मारून शिंपला घेऊन आला. काखेतल्या कातडीच्या खिशातून दगड काढला, छातीवर ठेवला आणि त्यावर शिंपला आपटायला लागला. टक टक टक टक. पाण्यावरून तो आवाज स्पष्ट येतो, किती तरी वेळ आम्ही आवाजावरूनच ऑटर शोधत होतो. खाऊन झालं की तो पाण्यात स्वतःभोवती गोल फिरतो, छातीवरची खरकटी धुऊन निघतात, मग पुढची बुडी. शेजारी एक आई होती. तिने पिल्लाला केल्पच्या पट्ट्यात गुंडाळलं आणि खाली गेली. पिल्लाची फर इतकी हवेने फुगलेली असते की त्याला बुडी मारताच येत नाही, बुचासारखं तरंगत राहतं. आई दिसेना म्हणून त्याने जो आक्रोश केला! धक्क्यावरचे सगळे लोक गप्प. आई खेकडा घेऊन वर आली, पिल्लू पोटावर घेतलं, खेकडा खायला लागली. पिल्लाने त्यातला पाय ओढून घेतला.

यांचीही कथा तीच. फरच्या व्यापारात संपले. १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन शिकार थांबली तेव्हा कॅलिफोर्नियात ते उरलेत हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. बिक्सबी क्रीकच्या आसपास पन्नासेक लपून राहिले होते. १९३७ मध्ये हायवे खुला झाला आणि १९३८ मध्ये लोकांना ते दुर्बिणीतून दिसले. आज कॅलिफोर्नियात तीन हजारांच्या आसपास आहेत, सगळे त्या पन्नासांचे वंशज.

काँडर मात्र आम्हाला नक्की दिसला की नाही हे सांगता येत नाही. नवरा म्हणतो दिसला. मला तो टर्की व्हल्चर, म्हणजे तिथलं नेहमीचं लहान गिधाड, वाटला.

गिधाडमित्र

बरेच जण इथेच फसतात. टर्की व्हल्चर उडताना पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरतो आणि वाऱ्यावर लडबडतो. काँडरचे पंख सपाट, लडबड शून्य, विमान चाललंय असंच वाटतं. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. प्रौढ असेल तर पंखाखाली पुढच्या कडेला पांढरा त्रिकोण. टोकाची पिसं बोटांसारखी सुटी. आणि बिग सुरच्या बहुतेक काँडरांच्या पंखावर आकड्याचा बिल्ला असतो. बिल्ला दिसला की प्रश्न मिटला. नंबरवरून तो पक्षी कोण, कधी जन्मला, आईबाप कोण हे सगळं शोधता येतं.

१९८२ मध्ये जगात बावीस उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात घेतला, तेव्हा एकूण सत्तावीस. हा निर्णय त्या वेळी फार वादग्रस्त होता. काही निसर्गप्रेमींचं म्हणणं होतं, सन्मानाने नामशेष होऊ द्या. पण पिंजऱ्यात पिल्लं वाढवली, काँडरच्या तोंडाची बाहुली हातात घालून भरवली, म्हणजे माणसाची सवय लागू नये. १९९७ पासून बिग सुरमध्ये व्हेंटाना वाइल्डलाइफ सोसायटी त्यांना सोडतेय. आज सगळे मिळून पाचशेच्या वर आहेत, त्यात पिंजऱ्यातलेही आले.

मूळ मारेकरी शिसं. शिकारी हरणाला गोळी घालतो, आतडी रानात टाकतो, त्यात गोळीचे बारीक कण, ते काँडरच्या पोटात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, तरी विषबाधा थांबलेली नाही. बिग सुरचे काँडर किनाऱ्यावर मेलेले सी लायन खातात, त्यांच्या चरबीत जुन्या डीडीटीचे अंश, त्याने अंड्यांची कवचं पातळ झाली. वर २०२० च्या डोलन वणव्यात बारा काँडर गेले.

आपल्याकडे वेगळं काय झालं? गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, मेलेल्या गुरातून गिधाडात, मूत्रपिंड निकामी. तीन जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं काही वर्षांत गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला आणि फणसाडला जी थोडी उरलीत त्यांच्यासाठी लोक खपतायत. पण 'शेवटचा पक्षी पकडा' एवढ्या थराला जायची तयारी आणि त्यासाठी लागणारा पैसा कॅलिफोर्नियात होता. वहिनी, नवऱ्याला विचारा पक्षी लडबडत होता का.

भटकी वहिनी

विचारलं. म्हणतो, अजिबात नाही. पण आता तो काय वाटेल ते म्हणेल.

मीठमिरची

गिधाडमित्र, वेगळा धागा काढा हो यावर. आणि ती बाहुली खरंच??

गिधाडमित्र

खरंच. चामडी हातमोजा, वर काँडरचं डोकं. माणूस आडोशाला बसतो, पिल्लाला फक्त डोकं दिसतं. आता शक्यतो काँडर आईबापांनाच वाढवू देतात.

दापोलीकर

वाचून मजा आली. आमच्याकडे वेळासला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात, मुक्काम गावातल्याच घरांत. एक शंका: सागरी महामार्गाने अशी कॅम्परव्हॅन नेता येईल का? दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाड्या चढतात, म्हणून विचारतोय.

फिरस्ता नाना

गाडी चढेल हो, पुढे काय? टाकी कुठे रिकामी करणार? तिथे डंप स्टेशन नाही, आणि वेळास-केळशीकडच्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की पंचवीस फुटी गाडी मागे घेत कुठवर जाणार? छोटी व्हॅन, झोपायला आत आणि बाकी सगळं गावातल्या घरी, असं जमेल. आणि गावात राहिलात तर चार पैसे त्यांना मिळतील, ते जास्त चांगलं.

पोर्टलंडची पाहुणी

उत्तरेकडेही या कधी. कॅलिफोर्नियाच्या अगदी वरच्या टोकाला प्रेअरी क्रीकला रूझवेल्ट एल्क ही भली मोठी हरणं रस्त्याकडेच्या कुरणात उभे असतात, शिंगं बघून गाडी आपोआप थांबते. तिथल्या गोल्ड ब्लफ्स बीचच्या मातीच्या रस्त्यावर चोवीस फुटांपेक्षा मोठी आरव्ही नेता येत नाही, हे धाग्यातल्या 'लहान गाडी' पक्षाला पूरक. ऑरेगनात डेपो बेला उन्हाळाभर काही ग्रे व्हेल मुक्कामाला असतात, वर आर्क्टिकला जातच नाहीत. अगदी भिंतीवरून दिसतात.

सॅन होजेची सून

व्हेलवरून आठवलं. जानेवारीत ग्रे व्हेल दक्षिणेला, बाहा कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या सरोवरांकडे जात असतात, किनाऱ्यापासून जरा लांबून. मार्चमध्ये परतीची वाट, आणि एप्रिल-मेमध्ये आया पिल्लांना घेऊन अगदी किनाऱ्याच्या कडेने जातात, कारण बाहेर ऑर्का (किलर व्हेल) टपलेले असतात. ज्यांना व्हेलच बघायचेत त्यांनी एप्रिल धरावा. त्या वेळी पीएड्रास ब्लांकासला कात टाकणाऱ्या सील माद्या आणि लहान सील असतात, पण मोठे नर नाहीत आणि बाळंतपणंही नाहीत. सगळं एका फेरीत होत नाही.

चौकस पुणेकर

शेवटचे तीन प्रश्न, मग त्रास देत नाही. बुकिंग किती आधी? जागा नाही मिळाली तर रस्त्याकडेला टर्नआउटमध्ये रात्र काढली तर चालते का? आणि पीएड्रास ब्लांकासला बाबांना किती चालावं लागेल?

भटकी वहिनी

स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी, त्या तारखेला सकाळी आठला उघडतं (तिथले आठ). बिग सुरच्या जागा शनिवार-रविवारच्या असतील तर आठ वाजून पाच मिनिटांनी नसतात. मंगळवार-बुधवार बघा, हिवाळ्यात मिळतात. सॅन सिमियन आणि मॉरो बे तुलनेने सोपं.

टर्नआउटमध्ये रात्र अजिबात नाही. बिग सुरमध्ये त्याला बंदी आहे, पोलिस पहाटे काचेवर टकटक करतात आणि दंड चांगला जबर असतो. जागा नसेल तर त्या रात्री मॉन्टेरेला किंवा केंब्रियाला राहा आणि काटकसरना खूश करा.

बाबांना चालावं लागेल असं फारसं नाहीच. वाहनतळ सपाट, कठड्याला लागून लाकडी फळ्यांची वाट, व्हीलचेअरही जाते. पार्किंगला पैसे नाहीत, तिकीट नाही. गाडी समुद्राकडे तोंड करून लावा. वारा बोचरा असतो, कानटोपी लागेलच. आणि तिथल्या खारी हातातलं खायला येतात, त्यांना काही देऊ नका म्हणून पाट्या आहेत. सासूबाईंना हे सांगताना माझी वाट लागली होती, तुम्ही आईंना आधीच सांगून ठेवा.

मीठमिरची

वहिनी, फोटो.

भटकी वहिनी

टाकते गं. थालीपिठाचे चांगले आलेत.